मधली फळी

म्हादई म्हटलं की आपल्या खानापूर-बेळगावकडे आधी पाणीवाटपाचं भांडण आठवतं. पण खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीचं नाव नौदलाच्या एका शीडबोटीलाही आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या ५६ फुटी बोटीच्या पोटाखाली जड कणा कायमचा बसवलेला आहे. त्यामुळे ती उथळ पाण्यात येत नाही, आणि घाटातून तर नाहीच नाही.

घाटाच्या वर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सोयीची होडी वेगळी. बारा-चौदा फुटांची, गाडीच्या मागे ट्रेलरवर बांधून चोर्ल्यातून खाली नेता येईल अशी. तिला खाली कायमचा कणा ठेवून चालत नाही. म्हणून तळाला मधोमध एक लांब चीर ठेवतात, चिरेवर आतून अरुंद पेटी बसवतात आणि त्या पेटीत एका बोल्टवर फिरणारी फळी असते. हाच सेंटरबोर्ड. दोर सैल सोडला की फळी खाली, ओढला की वर.

ती नसेल तर वारा होडीला ओंडक्यासारखी आडवी ढकलत नेतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून बघा, तो पुढे सटकतो. एका बाजूने शिडावरचा वारा आणि दुसऱ्या बाजूने फळीवरचं पाणी, या दोघांच्या चिमटीत होडीचंही तसंच होतं. म्हणून ती वाऱ्याच्या दिशेला तिरकी चढू शकते, म्हणजेच घरी परत येऊ शकते.

गोव्यात सुट्टीत शिकणारी मुलं असोत की एनडीएत जाऊन खडकवासल्याच्या पाण्यावर शिकणारी, सगळ्यांचं लक्ष शीड आणि सुकाणूवर असतं. फळी पाण्याखाली, म्हणून विसरली जाते. पण छोटी होडी उलटते, शिकताना तर हमखास उलटते. ती आडवी पडली की लाइफ जॅकेट घातलेला माणूस याच बाहेर आलेल्या फळीवर वजन टाकून तिला पुन्हा उभी करतो. आधी फळीच्या मुळाशी, होडीच्या अंगालगत उभं राहायचं. एकदम टोकावर चढलं तर जुनी फळी मोडू शकते. आणि होडी पूर्ण पालथी झाल्यावर फळी सरकून पेटीत आत गेली, तर वर चढलेल्याला धरायला काहीच उरत नाही. माझ्या मते होडीवरची सर्वांत आधी तपासायची वस्तू हीच.

ही तपासणी जमिनीवरच होते. डोलकाठी उतरवून ठेवा, दोन जुने टायर मांडा आणि चौघांनी मिळून होडी कुशीवर निजवा. फळी पूर्ण बाहेर काढा आणि टोक धरून हलवा. थोडी खेळती असणारच, पण खडखडली तर बोल्ट किंवा भोक झिजलं आहे. मग होडी आणखी कलंडवा. फळी आपोआप आत घसरली तर तिला खाली धरून ठेवणारा दोर किंवा रबरी ताण बदलायला झाला आहे.

बोल्टच्या कामात मात्र बेळगावकर किनाऱ्यावरच्या लोकांनाही हेवा वाटावा असे नशीबवान. उद्यमबागेत लेथवर हवा तसा बोल्ट आणि बुश करून मिळतो. नमुना म्हणून जुना बोल्ट नेता येईल, पण माप त्याच्या मधल्या भागाचं देऊ नका. तोच भाग झिजलेला असतो. डोक्याजवळ, जिथे फळी घासत नाही, तिथे व्हर्नियर लावा. स्टेनलेस स्टील मागा, खाऱ्या पाण्यासाठी ३१६ प्रतीचं. दुकानात हाताशी आहे म्हणून त्यावर साधा लोखंडी नट चढवू देऊ नका. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला दुबळा लवकर गंजतो. पेटीतलं भोक लंबगोल झालं असेल तर नव्या बोल्टचाही उपयोग नाही. ते इपॉक्सीने भरून पुन्हा पाडावं लागतं. बोल्टजवळून पाणी आत झिरपत असेल तर आधी रबरी वॉशर बदला. वरून सीलंट थापणं म्हणजे गळक्या कौलावर रंग देणं. नटही जीव खाऊन आवळू नका, पेटीच्या भिंती दबल्या की फळी अडकते.

फळी अडकण्याचं नेहमीचं कारण मात्र वाळू. होडी किनाऱ्यावर ओढली की चिरेत खडे जातात. वरून हातोडा मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. होडी पुन्हा कुशीवर घ्या, खालून पातळ पट्टीने खडे सोडवा आणि गोड्या पाण्याचा पाइप लावून पेटी धुवा.

लाकडी फळीचा रंग कडेला उडाला की तिथून पाणी शिरतं आणि लाकूड फुगतं. ती आधी चांगली वाळू द्या, मग घासून इपॉक्सी आणि वर वार्निश. हात पातळ द्या, पेटीत जागा थोडीच असते.

रस्त्यावर फळी नुसत्या दोरावर लटकू देऊ नका. घाटातले धक्के मग बोल्टवर बसतात. वर घेऊन खुंटी घाला किंवा खालून पट्टा बांधा.

जून ते सप्टेंबर होडी बंदच. तेव्हा फळी काढून घरात आणा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर चार महिन्यांत तिला बाक येतो. कपाटावर सपाट ठेवा, आणि आईला आधी विचारा.