वाणाचा घसारा

कारखान्यातील यंत्र झिजते, ही गोष्ट कोणत्याही हिशेबनिसाला समजावून सांगावी लागत नाही. दरसाल ताळेबंदात घसाऱ्याची रक्कम मांडली जाते, आणि ती न मांडणारा मालक आपल्याच भांडवलाचा घास घेत असतो. शेतीच्या भांडवलात मात्र एक वस्तू अशी आहे की, जिची झीज कोणत्याच खतावणीत चढत नाही. ती म्हणजे पिकाचे वाण. एकदा वाण प्रसारित झाले, समारंभ पार पडला, वृत्तपत्रांत छायाचित्र आले की ते जणू अक्षय झाले, असे शासन गृहीत धरते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात मिरचीवर गेले शतकभर जे संशोधन झाले, ते या समजुतीविरुद्ध दिलेली एक दीर्घ साक्षच होय.

लास क्रूसेस येथील सरकारी कृषी महाविद्यालयातून 1894 मध्ये पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत फाबियान गार्सिया हे होते. मेक्सिकोत जन्मलेले हे पोरके मूल आजीच्या आधाराने वाढले होते. त्या मुलखातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मिरची लावीत आले होते; पण एका झाडाची मिरची लांब तर शेजारच्या झाडाची आखूड, एकीचे तिखट सौम्य तर दुसरीचे डोळ्यांतून पाणी काढणारे. डबाबंद करणाऱ्या कारखान्याला असा माल घेऊन चालत नाही. गार्सियांनी स्थानिक प्रकारांतून वर्षानुवर्षे निवड करून 1921 मध्ये ‘न्यू मेक्सिको नं. 9’ हे एकसारख्या आकाराचे, बेताच्या तिखटाचे वाण दिले, आणि एका राज्याचा मिरचीधंदा त्याच्या आधाराने उभा राहिला. पुढे रॉय हार्पर यांचे ‘6-4’ आले. रॉय नाकायामा यांचे ‘न्यूमेक्स बिग जिम’ 1975 मध्ये आले. हे सारे काम सरकारी पगारावर चालले होते.

1986 मध्ये त्याच संस्थेत, म्हणजे आता न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात, पॉल बॉसलँड हे वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ रुजू झाले. त्यांनी अनेक नवी वाणे काढली, 1992 मध्ये मिरचीसाठी स्वतंत्र संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. परंतु त्यांच्या कामातील सर्वांत बोधप्रद भाग नव्या वाणांचा नाही. ‘6-4’ला पूर्वीची चव राहिली नाही, पीकही एकसारखे येत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. मिरची बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्या शेजारच्या शेतातील पराग आणून टाकतात. शेतकऱ्याने राखलेल्या बियाण्यात दर पिढीला थोडी भेसळ शिरते आणि तीस-चाळीस हंगामांत वाणाचे नाव तेवढे जुने उरते. बॉसलँड यांनी मग कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथील राष्ट्रीय बीजपेढीच्या शीतगृहात काही दशके पडून असलेले मूळ ‘6-4’चे बियाणे काढविले, ते लावून त्यातील उत्तम झाडे निवडली आणि ‘न्यूमेक्स हेरिटेज 6-4’ या नावाने ते वाण शेतकऱ्यांना परत दिले. ‘बिग जिम’चाही असाच जीर्णोद्धार झाला. कोण्या दूरदर्शी कारकुनाने त्या बियाण्याची पुडी कधी काळी नोंदवहीत चढवून ठेवली नसती, तर जनुकशास्त्राचे सारे ज्ञान येथे हतबल ठरले असते.

हे काम खाजगी कंपनीने का करू नये, असा प्रश्न हल्ली तत्परतेने विचारला जातो. उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातच आहे. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरी राखू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो. त्याचा लाभ न देणाऱ्यालाही मिळतो. ज्याची किंमत वसूल करता येत नाही, त्यावर कंपनी पैसा घालणार नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. संकरित बियाण्याची गोष्ट निराळी. त्याची दुसरी पिढी पहिलीसारखी येत नाही, म्हणून गिऱ्हाईक दरसाल दुकानी येते. संकरित ढोबळी मिरचीने, टोमॅटोने शेतकऱ्याच्या पदरात पुष्कळ घातले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. पण ज्या मिरचीचा पेरा दोन-तीन तालुक्यांपुरता, तिच्यासाठी संकर काढणे कोणत्या कंपनीला परवडेल?

आपल्याकडचा दाखला भेंडीचा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील हरभजन सिंग यांचे ‘पुसा सावनी’ हे वाण एके काळी देशभर पसरले. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांचा बीजोत्पादनातील प्रारंभही याच सरकारी वाणाने झाला, हे खाजगी उद्योगाच्या पुरस्कर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवड्याला हे वाण दाद देत नसे. काही वर्षांनी ते दाद देऊ लागले, आणि भेंडीचे मळेच्या मळे पिवळे दिसू लागले. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या एका दूरच्या भाईबंदाशी ‘पुसा सावनी’चा संकर करून, पुन्हापुन्हा भेंडीकडे वळवून, 1980च्या दशकाच्या मध्यास ‘परभणी क्रांती’ दिले. कालांतराने या वाणाची रोगप्रतिकारशक्तीही अनेक ठिकाणी ढासळली. यात संशोधकांचे अपयश नाही. विषाणूही स्वस्थ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक घसारा भेसळीचा, दुसरा रोगाचा, आणि दोन्हींसाठी तरतूद शून्य.

दुरुस्तीचे सुटे भाग कोठून यावयाचे, हा पुढचा प्रश्न. ते रानटी आणि गावरान प्रकारांतून येतात, आणि हे प्रकार बहुधा गरीब शेतकऱ्यांच्या परसात असतात. आसाम-नागालँडकडील भूत जोलोकियाचे बियाणे 2001 मध्ये बॉसलँड यांच्याकडे पोहोचले. त्यांनी ते वाढवून मोजमाप केले. तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांच्या वर भरला, आणि 2007 मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. कीर्ती जगभर झाली, बियाण्याच्या पुड्या देशोदेशी विकल्या गेल्या. ज्या बायकांनी ही मिरची पिढ्यान्‌पिढ्या अंगणात राखली, त्यांच्या वाट्याला यातील काय आले? भारताच्या 2001च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात बियाणे राखण्याचा, देवघेवीचा हक्क मान्य केलेला आहे, लाभात वाटा देण्याचीही तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण राखणदाराला राखणीचा खर्च आधी करावा लागतो आणि वाटा मिळालाच तर नंतर मिळतो.

जनुकशास्त्राने सर्व प्रश्न सुटतात, असा भ्रमही नको. न्यू मेक्सिकोत 1992 मध्ये मिरचीखाली सुमारे 34 हजार एकर जमीन होती. पुढे ती दहा हजारांच्या खाली आली, कारण तोडणीची मजुरी महाग आणि मेक्सिकोतून येणारा माल स्वस्त. यंत्राने तोडता येईल अशी मिरची काढण्याची खटपट त्यामुळेच तेथे चालू आहे. मजुरी हाताबाहेर गेली, तरी वाण मात्र हातचे गेले नाही, हे तेथील सरकारी खर्चाचे फळ होय.

महाराष्ट्रात नवे वाण काढणाऱ्याचे नाव होते. जुने वाण शुद्ध राखणाऱ्याचे होत नाही. विद्यापीठांतील बढत्यांचे नियम ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, ही साखळी कागदावर उत्तम आहे. परंतु तिची पहिली कडी म्हणजे दरसाल विलग प्लॉटमध्ये उभे राहून भेसळीची झाडे उपटणारा माणूस. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते, बियाणे नाही. कृषी विद्यापीठांच्या अनुदानात ‘वाणांची देखभाल’ असे वेगळे शीर्ष घालून त्यात दर जुन्या वाणामागे एक प्लॉट, एक सहायक आणि शीतगृहातील एक फळी एवढा खर्च मांडावा. मोठ्या रकमेचा हा प्रश्न नाही. भिवापुरीपासून त्याचा आरंभ करता येईल.