रद्दी की साधने? 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या निमित्ताने

१/ नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासात किंवा कचेरीतल्या डॉसच्या यंत्रावर ज्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला, त्यांना साठ मिनिटांची मुदत, जमिनीतून उसळणारे सुळे आणि 'प्रिन्स मेगाहिट' ही आज्ञा आजही स्मरत असेल. या खेळाच्या निर्मितीचे किस्से गंमत म्हणून सांगितले जातात. माझ्या मते ती इतिहासाची अस्सल साधने आहेत. हा धागा त्याविषयी.

२/ जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ साली कामास आरंभ केला. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावले व त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग पडद्यावरील एकेक चौकटीचे छायाचित्र काढून, बाह्यरेषा गिरवून ती संगणकात उतरवली. त्या राजपुत्राच्या धडपडीत दिसते ते एका शाळकरी मुलाचे शरीर.

३/ तलवारबाजीचा स्रोत याहून जुना. १९३८ च्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या अंतिम द्वंद्वात दोघेही बाजूने स्पष्ट दिसतात, असे अवघे काही सेकंद मेकनरला सापडले. त्यावर खेळातील सारी खडाखडी उभी राहिली.

४/ मूळ आराखड्यात मात्र ही लढाई नव्हतीच. 'अ‍ॅपल टू' यंत्राची स्मृती राजपुत्राच्या हालचालींनीच भरून गेली होती. शत्रूच्या चित्रांना जागा उरली नव्हती. लढाईवाचून खेळ नीरस होतो, असा सहकारी टोमी पियर्स यांचा आग्रह होता.

५/ तोडगा असा निघाला: राजपुत्राचेच चित्र एका बिटने सरकवून 'एक्सऑर' या तार्किक क्रियेने मूळ चित्रात मिसळायचे. त्यातून झगमगती छायाकृती उमटली. नव्या चित्रांची गरजच उरली नाही. आरशातून उडी घेताच बाहेर पडणारी ती सावली अशी जन्मली.

६/ पुढे या सावलीशी गाठ पडते तेव्हा तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली की दोघे एकरूप होतात. खेळातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंगाचे मूळ काही बाइटांच्या टंचाईत आहे. ही माहिती वगळली, तर त्या प्रसंगाचे श्रेय आपण केवळ प्रतिभेला देऊन मोकळे होऊ. साधनांची मर्यादा कलेला कसे वळण देते, हे या तपशिलावाचून कळत नाही.

७/ १९८९ साली खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा 'अ‍ॅपल टू'ची बाजारपेठ ओसरत होती आणि खप बेताचाच झाला. डॉस आणि इतर यंत्रांवरील आवृत्त्यांनी त्याला तारले. या मालिकेचाच एक पुढचा भाग म्हणून सुरू झालेले काम २००७ साली 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड' या स्वतंत्र नावाने अवतरले.

८/ हे सारे आपल्याला कळते, कारण मेकनर रोजनिशी लिहीत होता आणि त्याने ती प्रसिद्ध केली. मूळ आज्ञावली मात्र हरवली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या डिस्कची एक पेटी सापडली. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांच्या साहाय्याने त्यांतील मजकूर वाचता आला आणि तो सर्वांसाठी खुला झाला.

९/ असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतरीत्या विक्रीस उपलब्ध नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ च्या पाहणीत आढळले. आपल्याकडे याहून जुना दाखला आहे: मुंबईत तयार झालेला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज पाहायला मिळत नाही.

१०/ 'पोरखेळांची दप्तरे कशाला जपायची?' हा आक्षेप मला मान्य नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतील रुमाल सोडवीत होते, तेव्हा त्या कागदांनाही अनेक जण रद्दीच समजत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांतूनच सिद्ध झाली. कागद निदान शतके टिकतो. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद काही दशकांतच विरू लागते.

११/ म्हणून विनंती एवढीच. मराठी अक्षरसंच, शैक्षणिक खेळ, शब्दकोशांच्या आज्ञावल्या ज्यांनी कधीकाळी रचल्या, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या उघडाव्यात. डिस्कची नक्कल करावी, सोबत नाव, साल आणि चार ओळींचा खुलासा लिहून ठेवावा. यंत्रे बदलत जातील. पुढच्या अभ्यासकाला निदान वाचण्याजोगे काही हाती लागावे.