गुंठ्याचा भाव आणि गावचा माणूस

‘तू काय अलिबागहून आलास?’ हा प्रश्न मुंबईच्या चाळींतून आणि लोकलच्या डब्यांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. अर्थ एवढाच की, तुला काही कळत नाही. अलिबागकरांना तो टोचावा हे साहजिकच होते. २०१९ साली एका गृहस्थांनी या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने याचिका फेटाळली. असले विनोद मनाला लावून घेऊ नयेत, असा एकंदर सूर होता.

परंतु न्यायालयाने जे केले नाही, ते जमिनीच्या भावाने करून दाखविले. आज कोणी ‘अलिबागहून आलो’ म्हणाला तर समोरचा हसत नाही. ‘तिकडे बंगला घेतलात वाटतं?’ असे जरा दबूनच विचारतो. अडचण एवढीच की, हा मान बंगलेवाल्याच्या वाट्याला येतो. ज्याचे आजे-पणजे तिथे नांदले, तो अस्सल अलिबागकर मात्र आपल्याच गावात घरापुरती जागा शोधत हिंडतो आहे. यंदाच्या दिवाळी अंकात त्याच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे मनात आहे.

आधी गुंठ्याची ओळख करून घेऊ. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर होतो. जुनी माणसे जमिनीविषयी बोलत ती एकरात, आणि बोलणे लगेच पिकावर येई. भात किती खंडी होतो, वाल बरा येतो का, वाडीत नारळ किती आणि सुपारी किती, विहिरीला मे महिन्यात पाणी राहते का. जमिनीची किंमत तिच्यात काय उगवते यावर ठरे. आता बोलणे गुंठ्यावर आले आहे, आणि पहिला प्रश्न असतो, ‘जेट्टीपासून किती मिनिटं?’

हा प्रश्न उगाच आलेला नाही. पूर्वी मुंबईहून अलिबागला जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची, नाहीतर गेटवेहून मांडव्याची, आणि पुढे एस. टी. नाहीतर टांगा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. मग पनवेल, पेण असा लांबचा वळसा. हा त्रास म्हणजेच त्या गावांची तटबंदी होती म्हणा ना! मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली. त्याच महिन्यात टाळेबंदी आली, कचेऱ्या घरात आल्या, आणि घर समुद्राकाठी असले तरी चालते, हा शोध पुष्कळांना लागला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला. तटबंदी पडली. मुंबईच्या पगाराला मांडवा, किहीम, आवास, सासवणे, नागाव ही सगळी गावे हाकेच्या अंतरावर आली. गावच्या पगाराला मात्र मुंबई होती तेवढीच लांब राहिली.

या जागी थोडा इतिहास सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. खाडीचे खारे पाणी बांध घालून थोपवायचे आणि त्या खारपाटात भात पिकवायचा, हा तिथला जीवनक्रम. पण जमीन खोताची आणि राबणूक कुळाची. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तिथल्या कुळांनी ठरविले की, खोताची जमीन कसायचीच नाही. एक हंगाम गेला, दुसरा गेला. शेते ओसाड पडली. माणसांनी मोलमजुरी केली, लाकूडफाटा विकला, अर्धपोटी दिवस काढले. परंतु नांगर धरला नाही. हा संप सहा वर्षे चालला! शेतकऱ्यांनी इतका दीर्घ संप केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणारा तो मालक झाला. सातबाऱ्यावर नाव लागले. त्या नावासाठी एका पिढीने उपास काढले होते.

या जमिनी पुन्हा सावकाराच्या किंवा धनिकाच्या घशात जाऊ नयेत म्हणून कायद्याने दोन कड्या घातल्या होत्या. एक अशी की, शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी. इतरांनी घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. दुसरी अशी की, कूळ म्हणून मिळालेली जमीन विकतानाही वरिष्ठांची परवानगी हवी. आज या कड्यांची अवस्था काय?

पहिली कडी आहे. पण महाराष्ट्रात कुठेही सातबाऱ्यावर नाव असले की माणूस शेतकरी ठरतो. तुमच्या-आमच्यापैकी कितीतरी जणांचे नाव कोठेतरी आजोबांच्या जिराईत तुकड्यावर आहे. त्या तुकड्याचे तोंड आपण वीस वर्षांत पाहिलेले नसते, पण खरेदीखताच्या दिवशी तो तुकडा आपल्याला शेतकरी करतो. आणि एकदा जमीन बिनशेती झाली की हा प्रश्नही उरत नाही. दुसरी कडी २०१४ साली सैल झाली. कुळाला मालकी मिळून दहा वर्षे उलटली असतील, तर जमिनीच्या आकाराच्या चाळीसपट नजराणा भरावा आणि विकावी. परवानगीची यातायात नको. आता हा ‘आकार’ म्हणजे जुन्या काळी बसविलेला शेतसारा. समजा, एखाद्या शेताचा आकार पाच रुपये आहे. त्याच्या चाळीसपट म्हणजे दोनशे रुपये झाले. ज्या मालकीसाठी सहा वर्षे संप झाला, ती सोडून देण्याचा खर्च दोनशे रुपये!

यावर कोणी म्हणेल, ‘शेतकऱ्याला आपली जमीन विकण्याचाही हक्क नको काय?’ हवा ना! कचेरीत खेटे घालून चपला झिजवणाऱ्या शेतकऱ्याची त्या नियमाने सुटका झाली, हे मी नाकबूल करीत नाही. विकणाऱ्याला दोष देणे तर अगदी सोपे. देणाराचा पोटाचा प्रश्न ठाऊक नसला म्हणजे झाले. दवाखान्याचे बिल असते, मुलीचे शिक्षण असते, चार भावांत आणि दोन बहिणींत वाटण्या होऊन हाती आलेला तुकडा इतका लहान असतो की, त्यात नांगर वळत नाही. भाताने वर्षाचा खर्च निघत नाही, आणि दारात उभा असलेला दलाल एका सहीत आयुष्याचे पैसे देऊ करतो. मी त्या जागी असतो तर मीही सही केली असती.

पण या सौद्यात एक तिसरा माणूस आहे, आणि त्याची सही कोणीच मागत नाही. तो म्हणजे शेजारचा, ज्याने विकले नाही. किंवा ज्याच्याकडे विकायला काही नव्हतेच. मांडव्याच्या बाजूला मला एक तरुण भेटला. विजेची कामे करतो, हाताला यश आहे, परिसरातल्या निम्म्या बंगल्यांच्या पंप-मोटारी तोच दुरुस्त करतो. गावठाणातले वडिलोपार्जित घर तीन भावांचे. लग्न झाले, मूल झाले, पडवीत पडदा लावून किती दिवस काढणार? म्हणून घरासाठी जागा बघू लागला. ‘काका,’ तो मला म्हणाला, ‘भाव विचारला की दलाल आधी विचारतो, पार्टी कुठली? मी म्हटलं, गावचीच. तो पुढं बोललाच नाही.’ शेवटी त्याने पेणच्या बाजूला भाड्याची खोली घेतली. आता रोज सकाळी तो मोटारसायकलवरून आपल्याच गावात कामाला येतो आणि संध्याकाळी परत जातो.

आणखी एक वयस्कर गृहस्थ आहेत. एका टोलेजंग बंगल्याची राखण करतात. बंगला ज्या जमिनीवर उभा आहे, ती त्यांच्याच वडिलांची. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. बागेतल्या हिरवळीला पाणी घालता घालता ते हसून म्हणाले, ‘आजा कूळ होता, बाप मालक झाला, आणि मी राखणदार. तीन पिढ्यांत गाडी जिथल्या तिथं आली बघा.’ मला काही त्यांच्यासारखे हसता आले नाही.

बाहेरचा माणूस गावात येऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माणसे येत गेली म्हणूनच कोकण घडले. येणारा राहिला, तर दुकान चालते, शाळेचा पट वाढतो, एस. टी.ची फेरी टिकते. गावाला जड जातो तो येणारा माणूस नव्हे. गावाला जड जाते ते कुलूप. शनिवारी उघडायचे, रविवारी लावायचे. ज्या आळीत दहापैकी सहा घरांना कुलूप, तिथला वाणी कुणाच्या जिवावर दुकान उघडणार? पालखी कोण उचलणार? आणि उधाणाच्या भरतीला खाडीच्या बांधाला खांड पडली, तर चिखलात उतरायला माणसे कोठून आणणार? समुद्राला सातबारा वाचता येत नाही. त्याला अडवायला हात लागतात, आणि ते हात आता पेणला भाड्याने राहतात.

हे दुखणे एकट्या अलिबागचे आहे असेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी गावांना हेच भोगावे लागले. तिथल्या जनतेने मार्च २०१२ मध्ये मतदान करून ठरविले की, कोणत्याही गावात सुट्टीपुरत्या घरांचे प्रमाण शेकडा वीसच्या वर जाऊ द्यायचे नाही. इंग्लंडमध्ये सेंट आयव्हज नावाच्या समुद्राकाठच्या गावाने २०१६ साली असाच कौल घेतला आणि नवे बांधलेले घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल असा नियम केला. अर्थात नियम नव्या घरांपुरता. जुनी घरे पैसेवाल्यांना मोकळीच राहिली. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक मंडळांना अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर आणखी तिप्पटपर्यंत अधिभार लावण्याची मुभा आहे. यातला कोणताही उपाय रामबाण नाही. पण एक गोष्ट या सर्वांनी मान्य केली आहे, ती म्हणजे नांदते घर आणि कुलपातले घर या दोन निराळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीला हा भेद ठाऊक नाही.

आपल्याला काय करता येईल? सरकारचे काम सरकारने करावे. गावठाणाची हद्द पुष्कळ ठिकाणी आजोबांच्या काळातली आहे आणि कुटुंबे मात्र नातवांच्या काळातली. ती हद्द वाढवून गावच्याच गरजू कुटुंबांना घरापुरत्या जागा द्याव्यात, हे पहिले काम. नव्या बिनशेती आखणीत काही भूखंड गावात राहणाऱ्यांसाठी, गावच्या मिळकतीला परवडेल अशा दराने राखून ठेवावेत, हे दुसरे. आणि कुलपातल्या घरांकडून जास्त घरपट्टी घेऊन तो पैसा या जागांसाठी वापरावा, हे तिसरे. यासाठी स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही. मंत्रालयापर्यंत गेले तरी पुरे.

उरलो आपण, म्हणजे हा अंक वाचणारी मध्यमवर्गीय मंडळी. आपण काही टोलेजंग बंगलेवाले नव्हेत, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. निवृत्तीचे पैसे आले की ‘गावाकडे दोन-चार गुंठे घेऊन टाकू, पडून राहतील’ असे आपणच म्हणतो. या ‘पडून राहतील’ मध्ये सगळी गोम आहे. आपल्या दृष्टीने जे पडून राहणार, त्यावर दुसऱ्याचा संसार उभा राहिला असता. म्हणून ज्याला खरोखर तिथे राहायचे आहे त्याने जरूर घ्यावे, विहिरीचे पाणी प्यावे, ग्रामसभेला जावे, पालखीला खांदा द्यावा. ज्याला वर्षाचे आठ दिवस समुद्र पाहायचा आहे त्याने गावच्याच एखाद्या घरात भाड्याने उतरावे. वाडीतल्या काकूंच्या हातचे वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी मिळेल, चार पैसे गावात राहतील, आणि जमीन जिथल्या तिथे राहील.

सौद्याला बसण्यापूर्वी दलाल बरेच कागद दाखवतो. सातबारा, फेरफार, नकाशा, सगळे पाहावे. मग एक प्रश्न स्वतःलाच विचारावा, या जागेवर घर बांधले तर त्यात वर्षाकाठी किती दिवस चूल पेटेल? उत्तर चांगले असेल तर खुशाल सही करावी.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. तुमच्या दारातला कंदील जितक्या आनंदाने लागतो, तितक्याच आनंदाने तो विजेची कामे करणाऱ्या त्या तरुणाच्या दारात, त्याच्या स्वतःच्या गावात लागो.