पाचव्या गोलंदाजाची कसोटी

क्रिकेटच्या तिन्ही प्रकारांत खेळपट्टी बावीस यार्डांचीच असते आणि षटकात चेंडूही सहाच असतात. मात्र एका गोलंदाजाने डावात किती षटके टाकावीत, याचा नियम सर्वत्र सारखा नाही. वरकरणी तांत्रिक वाटणारा हा नियम संघाची निवड आणि अनेकदा सामन्याचा निकालही ठरवतो.

कसोटी क्रिकेटमध्ये असे कोणतेही बंधन नाही. लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत, एवढीच अट. त्यामुळेच १९५७ साली एजबॅस्टन येथे वेस्ट इंडिजचे सॉनी रामाधीन इंग्लंडविरुद्ध एकाच डावात ९८ षटके टाकू शकले. १९६४ साली मद्रास कसोटीत बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली, तीही याच मोकळिकीमुळे.

मर्यादित षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला एकूण षटकांचा पाचवा हिस्सा मिळतो. १९७५ आणि १९८३च्या विश्वचषकात डाव ६० षटकांचा असल्याने ही मर्यादा १२ षटकांची होती. आज एकदिवसीय सामन्यात ती १०, तर ट्वेन्टी-२० सामन्यात ४ षटकांची आहे. पावसामुळे डाव २५ षटकांचा झाला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ षटके येतात.

याचा सरळ अर्थ असा की, कर्णधाराला किमान पाच गोलंदाज लागतातच. फलंदाजावर असे बंधन नाही. २०१४ साली कोलकाता येथे रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध २६४ धावा केल्या, तेव्हा डावातील ३०० चेंडूंपैकी १७३ चेंडू तो एकटा खेळला. सर्वोत्तम गोलंदाजाला मात्र ६० चेंडूंवर थांबावे लागते. म्हणून गोलंदाजीचे बळ पहिल्या गोलंदाजापेक्षा पाचव्या गोलंदाजावरून अधिक नेमके कळते.

भारताने याचा अनुभव दोन्ही बाजूंनी घेतला आहे. २०२३च्या विश्वचषकात पुणे येथे बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात हार्दिक पंड्या जायबंदी झाला. त्यानंतर संघ पाच प्रमुख गोलंदाजांवर विसंबून राहिला. ते भरात असल्याने ही उणीव अंतिम सामन्यापर्यंत झाकली गेली. अहमदाबाद येथे ऑस्ट्रेलियाची अवस्था ३ बाद ४७ असताना ट्रॅव्हिस हेड आणि मार्नस लाबुशेन यांची जोडी जमली आणि तिने १९२ धावांची भागीदारी केली. त्या वेळी रोहितकडे सहावा भरवशाचा पर्याय नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या डावातील सर्व ४३ षटके त्याच पाच जणांनी टाकली.

पुढच्याच वर्षी बार्बाडोसमध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चित्र पालटले. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराहची चार षटके अठराव्या षटकातच संपली. शेवटच्या षटकात १६ धावा रोखण्याची जबाबदारी हार्दिकवर आली आणि त्याने ती पेलली. पाचव्या गोलंदाजाची चार षटके हार्दिक आणि रवींद्र जडेजा यांनी मिळून पूर्ण केली होती. त्यांपैकी तीन षटकांत हार्दिकने २० धावांत ३ बळी घेतले. भारत ७ धावांनी जिंकला.

एकाच खेळाडूच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडावा, ही चिंतेची बाब आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये लागू झालेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमामुळे फलंदाजाच्या जागी गोलंदाज आणता येतो. साहजिकच अष्टपैलू खेळाडूंना गोलंदाजीची संधी कमी मिळते. रोहितनेही २०२४ साली या नियमाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आंतरराष्ट्रीय सामन्यात अशी सवलत नसते.

गोलंदाजांची षटकमर्यादा वाढवावी, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. परंतु अष्टपैलू खेळाडूला संघात मानाचे स्थान याच मर्यादेमुळे मिळाले आहे. त्यामुळे नियम बदलण्यापेक्षा फलंदाजी करणारे गोलंदाज आणि गोलंदाजी करणारे फलंदाज देशांतर्गत स्पर्धांतून घडवणे, हाच अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल.