चिमणी नसलेलं प्रदूषण

एप्रिल-मे आला की लालबागच्या मसाला बाजारात बायकांची गर्दी होते. भर दुपारी डंकापाशी उभं राहून वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा, आणि ठसका लागला की दोष मिरचीला द्यायचा. पण मैत्रिणींनो, याच रणरणत्या दुपारी हवेत आणखी एक त्रासदायक गोष्ट तयार होत असते. तिचं नाव ओझोन.

नाव ऐकून गोंधळ होतो. ओझोनचा थर आपलं रक्षण करतो, असं शाळेत शिकलोय ना! ते खरंच आहे, पण तो थर आभाळात कितीतरी किलोमीटर उंच. जमिनीलगत, आपण श्वास घेतो त्या हवेत, तोच वायू घातक ठरतो. तो थेट कुठल्या धुराड्यातून येत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा उन्हात एकमेकींत मिसळल्या की तो बनतो. म्हणून त्याचं प्रमाण बहुधा दुपारी चढतं.

लालबाग-परळला खराब हवा नवी नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एका ग्रामीण भागातल्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. तिचे पहिले निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त प्रदूषित वस्त्यांत खोकला आणि धाप जास्त आढळली. तेव्हा वस्त्यांची प्रतवारी गंधकाच्या वायूवरून केली होती. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तिथे टॉवर आणि मॉल आले. चिमण्यांचा धूर गेला, गाड्या मात्र वाढल्या.

ओझोन शरीरात करतो तरी काय? तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाकाघशात पूर्ण न अडता फुफ्फुसात खोलवर जातो. तिथल्या नाजूक अस्तराला इजा झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सूज चढते. उन्हाने कातडी भाजावी, तसंच हे आतून. अमेरिकेत चॅपल हिल इथे निरोगी तरुणांना साडेसहा तास, अधूनमधून व्यायाम करायला लावून, ओझोनमिश्रित हवेत ठेवलं. प्रमाण किती, तर हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे फक्त आठ भाग! तरीही दुसऱ्या दिवशी त्यांच्या फुफ्फुसांत सुजेच्या खुणा सापडल्या. हा अभ्यास १९९१ चा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या प्रयोगांत दिसली. सलग काही दिवस ओझोन घेतला की खोकला, छातीतली चुरचुर कमी होते, पण आतली इजा पूर्ण थांबत नाही. 'आम्हाला सवय झालीय' असं आपण म्हणतो ना, तिथेच फसतो. सवय होते ती त्रासाची, नुकसान चालूच राहतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांभोवती पत्रे, हिरवं कापड आणि पाण्याची फवारणी सक्तीची केली. धुळीसाठी ते हवंच. पण ओझोन वायू आहे, तो पाणी मारून खाली बसत नाही आणि धुळीच्या मास्कने अडत नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत त्याची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरवली. ती पाळायची तर गाड्यांचा धूर आणि वाफाच कमी करायला हव्यात.

लहान गावातल्या मैत्रिणींनी 'हे मुंबईचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नये. हा वायू वाऱ्याबरोबर दूर जातो, आणि गहू-सोयाबीनचं उत्पन्नही घटवतो. तेव्हा मुलांचे सुट्टीतले खेळ सकाळी ठेवा. घरात दमेकरी असेल तर दुपारची बाहेरची दगदग टाळा. कचरा जाळू देऊ नका. आणि हवेच्या आकड्यांत धुळीबरोबर ओझोनचाही आकडा विचारा.

पण दुपारी घरात थांबा, हे दादर स्टेशनबाहेर भाजी विकणारीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला थांबून चालत नाही. तिच्यासाठी हवाच सुधारायला हवी.