भाडेकरूची नोंद फक्त पोलीस ठाण्यात

शहरात मजुरीसाठी आलेला माणूस खोली भाड्याने घेतो, तेव्हा शासनदरबारी त्याची बहुधा एकच नोंद होते: पोलीस पडताळणीचा अर्ज. तो न भरल्यास घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून तेवढा भरला जातो. करारनामा, भाडेपावती, अनामत रकमेची पोच यांपैकी काहीच नसते. म्हणजे संशयित म्हणून शासन त्याला ओळखते, हक्कदार म्हणून नाही. गरीब भाडेकरूंच्या प्रश्नाची खरी गाठ माझ्या मते इथे आहे.

आपल्याकडे भाडेकरू म्हटले की डोळ्यांसमोर येतो मुंबईच्या जुन्या इमारतीतला पागडीवाला. 1947 च्या कायद्याने गोठवलेली भाडी, त्यावरचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे, आणि 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याची ती तरतूद अवाजवी ठरवणे, याच चौकटीत आपले धोरणकर्ते अजून विचार करतात. पण 2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरांतील साधारण 27 टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्यातील पागडीवाले ते किती असणार?

दिल्लीच्या सीमेवरचे कापसहेडा घ्या. पलीकडे गुरुग्रामचे उद्योग विहार, अलीकडे तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या एकेका खोलीच्या इमारती. तळमजल्यावर बऱ्याचदा मालकाचेच किराणा दुकान असते आणि भाडेकरूने सामान तिथूनच घ्यावे असा दंडक असतो. विजेचा दरही मालक ठरवतो. कायदा काय म्हणतो? दिल्लीचा भाडे नियंत्रण कायदा 1958 चा. 1988 मध्ये दरमहा 3500 रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्यातून वगळली गेली. हेतू होता सधनांना संरक्षणातून बाहेर काढण्याचा. पण रकमेचा तो आकडा महागाईबरोबर कधी वाढवलाच नाही, आणि आज साध्या खोलीचे भाडेही सहज त्यापुढे जाते. सधनांसाठी बांधलेली भिंत अशी शिलाई कामगारावर येऊन पडली. 1995 मध्ये नवा कायदा झाला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो कधी अमलातच आला नाही. मग उरतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यानुसार महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस दिली की पुरते.

2019 मध्ये दिल्ली सरकारने भाडेकरूंसाठी स्वतंत्र प्रीपेड वीजमीटरची योजना आणली. मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, हे चांगलेच झाले. पण अर्जासोबत भाडेकरार किंवा भाडेपावती हवीच. गाडी पुन्हा त्याच कागदापाशी अडली.

मालक कागद का देत नाही? केवळ लोभ हे कारण नव्हे. पुष्कळदा त्याची इमारतच अनधिकृत असते. पावती दिली तर कर वाढेल, विजेचा दर बदलेल, पालिकेची नोटीस येईल ही त्याची भीती अगदीच निराधार नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन नियमांत तर प्रत्यक्ष राहणाराच पात्र, तथाकथित झोपडीमालकाला हक्क नाही, अशी स्पष्ट तरतूद आली. भाडेकरूच्या हिताचीच ती! परिणाम मात्र उलटा झाला. भाडेकरूच्या हाती काहीही लेखी पडू नये आणि तो एका जागी फार काळ टिकू नये, यातच मालकाला आपले हित दिसू लागले.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, पाणी-वीज तोडायची नाही, या तरतुदी रास्तच आहेत. पण घरमालक-भाडेकरू संबंध हा विषय राज्यांचा, आणि या कायद्याची सुरुवातच लेखी कराराने होते. करार नसेल तर काय? तमिळनाडूच्या 2017 च्या कायद्यात लेखी करार न होणे हेच घर खाली करून मागण्याचे एक कारण ठरते. ज्याने कागद दिला नाही, त्यालाच त्याचा फायदा! याउलट महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. ही तरतूद इतर राज्यांनी जशीच्या तशी उचलावी असे मला वाटते. मात्र महाराष्ट्रातही शहरी भागात नोंदणी शुल्कच हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क आणि मध्यस्थाचे पैसे वेगळे. चार हजारांच्या खोलीसाठी हा खर्च कोण करील?

म्हणून माझी सूचना साधी आहे. ठरावीक रकमेखालील भाड्यासाठी एक पानी नोंद, विनाशुल्क, प्रभाग कार्यालयात. त्यावर ठळक लिहिलेले असावे की ही नोंद मालकीचा, कर आकारणीचा वा बांधकामाच्या वैधतेचा पुरावा म्हणून कोणाच्याही विरुद्ध वापरली जाणार नाही. महसूल आणि बांधकाम विभागांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण 29 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने स्थलांतरित मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला, तेव्हा तो लागू करण्यासाठी आपल्या हाती यादी कुठली होती?

दुसरे, खोलीला कुलूप ठोकून सामान बाहेर फेकल्याची तक्रार आली की ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असे उत्तर मिळते. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे बेकायदा बाहेर काढलेल्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, मालकी कोणाचीही असो. पण रोजंदारीवरचा माणूस वकील कुठून आणणार? आणि आपण तिथे राहत होतो हे दाखवणार कशावरून? त्याचा पुरावा त्याच ठाण्याच्या कपाटात पडलेला असतो. पडताळणी अर्जाची शिक्का मारलेली एक प्रत भाडेकरूला द्यावी. त्यासाठी विधिमंडळात जाण्याची गरज नाही, पोलीस आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेल.