एका कोनाचं स्तोम

फरीदाबादच्या एनआयटी भागात गाड्यांच्या गप्पा रंगल्या की एक गृहस्थ हटकून कॅमशाफ्टवर येतात. त्यांचा सिद्धांत चार ओळींचा आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यरेषांमधला कोन, म्हणजे लोब सेपरेशन अँगल, इंजिनाचा स्वभाव ठरवतो. ११२ असेल तर गाडी थंड, १०८ केला की पिकअप, १०४ केला की थेट रेस. कंपन्यांना हे ठाऊक असतं, पण त्या ग्राहकाला मिळू देत नाहीत. ऐकणारी तरुण मंडळी माना डोलवतात आणि जुन्या गाडीचा कॅम घेऊन ग्राइंडिंगवाला शोधायला निघतात. पैसे त्यांचे जातात, म्हणून हा लेख.

इंजिनाला कोन कळत नाही. त्याला चार क्षण कळतात: इनलेट व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद झाला, एक्झॉस्ट कधी उघडला, कधी बंद झाला. हे चार ठरले की कोन आपोआप निघतो. नुसत्या कोनावरून मात्र चारांपैकी एकही काढता येत नाही. दोन पंगतींच्या ऐन मध्यांत किती अंतर होतं एवढंच सांगितलं, तर पहिली उठायच्या आत दुसरी किती वेळ येऊन बसली हे कसं कळणार? प्रत्येक पंगत किती वेळ चालली तेही सांगायला नको का?

आता आकडेच मांडतो, कारण आकड्यांचा धाक घालणाऱ्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावं. एक कॅम घ्या: कोन ११०, दोन्ही लोबची ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो तो काळ, २७०. दुसरा घ्या: कोन १०४, ड्युरेशन २५०. दोन्ही कॅम सरळ, ॲडव्हान्स न देता बसवले आहेत. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहतात तो ओव्हरलॅप काढायचा तर ड्युरेशनमधून कोनाची दुप्पट वजा करायची. दुप्पट अशासाठी, की कोन कॅमच्या डिग्रीत मोजतात आणि ड्युरेशन क्रँकच्या, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आमचे गृहस्थ दोन्ही आकडे एकाच दमात बोलतात, त्यामुळे ही भानगड त्यांच्या वाटेला जात नाही. पहिल्या कॅमचा ओव्हरलॅप ५० डिग्री, दुसऱ्याचा ४२. पहिल्यात इनलेट तळबिंदूनंतर ६५ डिग्रीवर बंद होतो, दुसऱ्यात ४९ वर. म्हणजे यांच्या हिशेबानं दोघांत जो ‘थंड’ ठरतो तो ११० चा कॅम आयडलिंगला जास्त खडबडणारा आणि वरच्या आरपीएमला जास्त खुलणारा निघाला, आणि ‘रेस’चा १०४ त्याच्यापुढे सौम्य.

एवढ्यानं पटत नसेल तर मारुती ८०० घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, माथ्यावर एकच कॅमशाफ्ट, बेल्टवर चालणारा. बेल्ट बदलताना टायमिंग एक दात आउट झालं की गाडीचं काय होतं ते रस्त्याकडेच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. पिकअप जातो, चढावर गाडी रडते, ॲव्हरेज बसतं. पण दोन्ही लोब एकाच दांडीवर घासलेले आहेत. बेल्ट दहा दात सरकवला तरी त्यांच्यातला कोन तसूभर हलायचा नाही. कोन तोच राहून गाडी मेली, तर स्वभाव कोनात होता कसा? मिस्त्रीनं लोब सेपरेशनचं नावही ऐकलेलं नसतं, पण चार क्षण सरकले की काय होतं हे त्याच्या हातांना माहीत असतं.

या सद्गृहस्थांशी माझा वाद जुना आहे. एस्कॉर्ट्सनं १९८३ साली यामाहाच्या सहकार्यानं राजदूत ३५० आणली, तिच्या हाय टॉर्क आणि लो टॉर्कवरून इथले लोक अजून हमरीतुमरीवर येतात. तेव्हाही यांचं निदान ‘कॅम वेगळा’ असंच होतं. ती टू-स्ट्रोक. तिच्यात कॅमशाफ्ट नसतोच; सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. हे दाखवल्यावर ते म्हणाले, तत्त्व तेच. कुठलं तत्त्व, हे आजतागायत कळलेलं नाही.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच: ड्युरेशन तीच ठेवून कोन आवळला तर ओव्हरलॅप वाढतो, इनलेट लवकर बंद होतो आणि मधल्या आरपीएमला टॉर्क वाढतो, पण तो टोकदार होतो, त्या पट्ट्याच्या खाली-वर गाडी हात आखडते. याची किंमत मात्र ते सांगत नाहीत. आयडलिंगला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक बूस्टरचा जोर कमी होतो. न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरात जातं, मग पीयूसीच्या मशीनवर हायड्रोकार्बनचा आकडा वर. सिलिंडरात दाब वाढल्यानं नॉकिंगची भीती वेगळीच. आणि फरीदाबाद हे ट्रॅक्टरचं गाव, म्हणून डिझेलचंही सांगून टाकतो: तिथे पिस्टन वर आला की हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर राहतो. त्या क्षणी व्हॉल्व्ह फार उघडा ठेवलात तर पिस्टन त्याला ठोकेल.

मग करायचं काय? गाडी कोणत्या आरपीएमला चालणार ते आधी ठरवा. मथुरा रोडवरच्या रांगेत एसी लावून सरकणाऱ्या गाडीला सहा हजारांवरची ताकद काय कामाची? त्यावरून इनलेट कधी बंद करायचा ते ठरतं, आयडलिंगवरून ओव्हरलॅप. समजा इनलेट तळबिंदूनंतर ५० डिग्रीवर बंद केला, ओव्हरलॅप २० ठेवला आणि एक्झॉस्ट त्याच मापाचा, कॅम सरळ बसवलेला धरला. ड्युरेशन येते २४० आणि कोन ११०. तो निवडावा लागला नाही, हिशेबातून आला. ग्राइंडिंगवाल्याकडे जाताना हा कागद घेऊन जा, आणि कॅम बसवल्यावर डिग्री व्हील आणि डायल गेज लावून इनलेट खरंच ५० वर बंद होतो का ते बघा.

हल्लीच्या अनेक गाड्यांत व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असतं. इनलेटचा कॅम वेगळा, तो गाडी धावता धावता मागेपुढे सरकतो आणि कोन क्षणोक्षणी बदलतो. आमच्या गृहस्थांनी नुकतीच तशीच गाडी घेतली आहे. तिचा कोन किती, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी शोरूमला फोन लावला आहे.